लेस्टरच्या मासी, ब्रॅडफर्डचे चाचा

इंग्लंडात चार मराठी घरं जेवायला जमली, बडीशेप फिरली, की एक विषय हमखास निघतो. "आपले लोक कुठे पोचले बघा, आणि ते लोक अजून तिथेच." ते लोक म्हणजे पाकिस्तानी, हे वेगळं सांगावं लागत नाही. गंमत म्हणजे या एका वाक्यापुरते गुजराती, सरदारजी, मल्याळी सगळे 'आपले' होतात, एरवी त्याच टेबलावर गुज्जू लोकांच्या चिकटपणावर अर्धा तास हसून झालेलं असतं. पुढची वाक्यं मला पाठ झालीयेत: आपण शिक्षणाला महत्त्व देतो, आपल्यात कष्टाची तयारी, आपल्या बायका शिकलेल्या, आणि ते लोक टॅक्सी चालवतात, सरकारी बेनिफिट घेतात, मुलं किती असतात बघा वगैरे वगैरे. मी लेस्टरला बरीच वर्षं काढली, मग नवऱ्याच्या नोकरीपायी लीड्सला आलो आणि मला ऑफिस मिळालं ब्रॅडफर्डला, त्यामुळे या बाबतीतली दोन्ही टोकं म्हणावीत अशी गावं मी जवळून बघितलीयेत, आणि हे ऐकलं की मला गप्प बसवत नाही. नवरा टेबलाखालून पाय मारतो. म्हणून इथे लिहितेय, जरा लांबेल.

आधी आकडे मान्य करून टाकते, कारण ते खोटे नाहीत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला भारतीय म्हणवणारे साधारण १८ लाख ६० हजार आणि पाकिस्तानी जवळपास १६ लाख. म्हणजे संख्येत फार फरक नाही. पण कमावत्या वयातले भारतीय बघितले तर दर चारातले तीन किंवा जास्तच कामाला, पाकिस्तानी पाचातले तीन. बायकांचं बघितलं तर दरी आणखी रुंद, पाकिस्तानी बायकांपैकी नोकरी करणाऱ्या निम्म्याच्या आसपास. घरभाडं-हप्ता वजा करून जे उरतं त्यावर गरिबी मोजली तर पाकिस्तानी मुलांपैकी निम्म्याच्या जवळपास मुलं गरीब घरातली, भारतीयांत हे प्रमाण साधारण चौथा हिस्सा. आणि टॅक्सीचं म्हणाल तर २००० च्या दशकाच्या सुरुवातीच्या सरकारी आकड्यांत काम करणाऱ्या दर सहा पाकिस्तानी पुरुषांतला एक टॅक्सी ड्रायव्हर किंवा शोफर होता, गोऱ्यांमध्ये शंभरात एक. तेव्हा टेबलावरचे काका आकड्यात चुकत नाहीत. ते चुकतात कारणात.

मुळात 'इंडियन' आणि 'पाकिस्तानी' हे फॉर्मवर टिक करायचे डबे फार ढोबळ आहेत. इंडियनमध्ये साउथॉलचा कारखान्यात राबलेला सरदारजी आला, साठ-सत्तरच्या दशकात एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत आलेला डॉक्टर आला आणि मागच्या वर्षी पुण्याहून आलेला सॉफ्टवेअर टेस्टिंगवालाही आला. पाकिस्तानीमध्ये लंडनमधला लाहोरचा हृदयरोगतज्ज्ञ आणि ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅममधला मिलवाला एकच. म्हणून मी पूर्ण देशाबद्दल बोलत नाही, मला माहीत आहेत ते दोनच गट धरते. लेस्टरचे आफ्रिकेतून आलेले गुजराती आणि ब्रॅडफर्डचे मीरपुरी.

मीरपूर हे पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये. काश्मीर म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर शिकारा येतो तसं काही नाही तिथे, डोंगरउताराची कोरडवाहू शेती, तुकडे तुकडे झालेली जमीन, त्यामुळे इथली पोरं फार आधीपासून ब्रिटिश बोटींवर बॉयलरमध्ये कोळसा टाकायला जायची. त्यातले काही बंदरात उतरले ते परत गेलेच नाहीत. १९६० मध्ये सिंधू पाणीवाटप करार झाला आणि त्यातून झेलमवर मंगला धरण आलं, १९६१ ला काम सुरू, १९६७ ला पूर्ण. जुनं मीरपूर शहर आणि आजूबाजूची गावं पाण्याखाली गेली, लाखभर माणसं उठली. काहींना पंजाबात जमिनी दिल्या, काहींना वर उंचावर नवं मीरपूर बसवून दिलं आणि काहींना ब्रिटनचे कामाचे परवाने मिळाले. त्यातच १९६२ मध्ये ब्रिटनने कॉमनवेल्थमधून येणाऱ्यांना कामाच्या व्हाउचरची अट घातली, त्याआधी जेवढ्यांना येता येईल तेवढ्यांनी येऊन घ्या अशी धांदल उडाली, आणि आधी आलेल्या काका-मामाच्या पत्त्यावर पुतणे-भाचे येऊन उतरले. एका गावचे सगळे एका गल्लीत. आजही पाणी खूप उतरलं की जुन्या मीरपूरची देवळं आणि दर्गे वर येतात आणि इंग्लंडातून गेलेली माणसं ते बघायला जातात.

ऑफिसला जाताना स्टेशनवरून मी पावसात टॅक्सी करायचे, त्यातून ओळख झालेले एक चाचा आहेत, मीरपूरजवळच्या ददियालकडचे. मला "बाजी" म्हणजे ताई म्हणतात, मी त्यांना चाचा, खरं तर वयात पंधरा वर्षांचाच फरक असेल. ते बारा वर्षांचे असताना आईबरोबर इथे आले, वडील आधीच मिलमध्ये होते. शाळेत इंग्रजी कळायचं नाही, घरी पहाडी बोलायचे आणि शिक्षकांना वाटायचं यांची भाषा उर्दू, म्हणजे जी मदत मिळायची ती पण तिसऱ्याच भाषेत. सोळाव्या वर्षी वडिलांबरोबर रात्रपाळीला. रात्रपाळीचीही एक गोष्ट आहे. लोकरीच्या मिलवाल्यांनी युद्धानंतर महागड्या मशिनी घेतल्या, त्या चोवीस तास चालवल्याशिवाय परवडेनात, आणि कायद्याने बायकांना रात्री कामावर ठेवता यायचं नाही, गोरे पुरुष रात्री यायला तयार नाहीत. मग रात्रपाळी पाकिस्तान्यांची झाली. अख्खी पाळी एकाच जिल्ह्यातली, सुपरवायझरशी बोलायला एक दुभाषा, बाकी इंग्रजीचा संबंध नाही. दिवसा झोप. एकाच खाटेवर रात्रपाळीवाला सकाळी आडवा होणार आणि त्याच खाटेवरून दिवसपाळीवाला उठून जाणार.

गिरणगाव माहीत असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे चाकरमानी, गावची मंडळं, खानावळी, दर महिन्याची मनिऑर्डर, गावाकडे चिरेबंदी घर बांधायचं स्वप्न, आणि मुंबईत चाळीस वर्षं काढूनही "आपलं काय, रिटायर झालो की गावी". मीरपुरी माणूस हाच. चाचांनी मला फोनवर ददियालच्या घराचा फोटो दाखवला होता, तीन मजली, गच्चीच्या कोपऱ्यांवर सिमेंटचे गरुड, पुढे संगमरवरी खांब, आणि आत राहतो कोण तर राखणदार. "बाजी, अब्बा का शौक था," एवढंच म्हणाले. तो पैसा ब्रॅडफर्डमध्ये दुकानात किंवा पोरांच्या शिक्षणात गेला असता तर काय झालं असतं हा हिशोब आता त्यांची पोरं मांडतात, पण साठ-सत्तरच्या दशकात ज्याला पक्कं ठाऊक होतं की आपण परत जाणार, त्याने तो तिकडेच लावणं यात मूर्खपणा काही नव्हता.

आणि मग मिल बंद पडल्या. सत्तरीच्या उत्तरार्धापासून एकामागून एक. मॅनिंगहॅमची लिस्टर मिल, एकेकाळी जगातली सगळ्यात मोठी रेशमाची गिरणी म्हणून मिरवायची, तिची चिमणी अजून गावात कुठूनही दिसते, ती १९९२ ला कायमची बंद झाली, आता तिथे फ्लॅट आहेत. आमच्या ऑफिसातला एक मुलगा तिथे राहतो, त्याचे आजोबा तिथेच मशीनवर होते, त्याला भाडं परवडतं याचं घरी फार कौतुक. तर मिल गेल्यावर पंचेचाळिशीतल्या, इंग्रजी न येणाऱ्या, रात्रपाळीशिवाय काही न केलेल्या माणसाने करायचं काय? टॅक्सी, टेकअवे. १९८२ च्या संपानंतर आपल्या लालबाग-परळच्या पोरांनी काय केलं? कोणी रिक्षा घेतली, कोणी सिक्युरिटीत लागला, कोणाच्या आईने पोळी-भाजीचे डबे सुरू केले, कोणी घरीच बसला. त्यांना आपण आळशी म्हणत नाही. म्हणत असलो तर निदान तोंडावर म्हणत नाही.

आता लेस्टर. इथली गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे, ४ ऑगस्ट १९७२ ला इदी अमीनने जाहीर केलं की एशियन लोकांनी ९० दिवसांत युगांडा सोडायचा, माणसं नेसत्या वस्त्रानिशी आली, हातात पन्नास-पंचावन्न पौंड, आणि आज बघा, मर्सिडीज. साधारण २८ हजार लोक ब्रिटनला आले. लेस्टरच्या नगरपालिकेने तर कंपालाच्या 'युगांडा आर्गस' पेपरात जाहिरात देऊन कळवलं होतं की तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या भल्यासाठी इकडे येऊ नका. लेस्टरमध्ये जुनी माणसं हसत सांगतात की त्या जाहिरातीमुळेच लेस्टर नावाचं गाव आहे हे आम्हाला कळलं. आज त्याच गावात बेलग्रेव्ह रोडवर १९८३ पासून दिवाळी होते आणि ती भारताबाहेरची सगळ्यात मोठी दिवाळी म्हणून तीच नगरपालिका ब्रोशर छापते.

ही गोष्ट खरी आहे पण अर्धी. आमच्या शेजारच्या मासी युगांडातल्या जिंजा गावच्या. त्यांनी कंपालाहून एंटेबेला जाताना चेकपोस्टवर सैनिकांनी बांगड्या कशा उतरवून घेतल्या, स्टॅनस्टेडला उतरल्यावर स्वयंसेवी बायकांनी जाड कोट कसे हातात दिले, सफोकच्या छावणीत उकडलेला बटाटा आणि उकडलेला कोबी बघून सासऱ्यांना रडू कसं फुटलं, हे सगळं मला अनेकदा सांगितलंय. पण खोदून विचारलं की दुसरंही सांगतात. तिथे त्यांचं कापडाचं दुकान होतं, हिशोबाच्या वह्या सासूबाईसुद्धा बघायच्या. मुलं इंग्रजी माध्यमात, केंब्रिजच्या परीक्षा द्यायची. घरात दोन आफ्रिकन नोकर. "दीकरा, मैं तो वहाँ पानी का ग्लास भी नहीं उठाती थी," असं म्हणून त्या हसतात, आणि त्या नोकराचं आडनाव काय होतं ते त्यांना आठवत नाही, हे मी विचारल्यावर कळलं. कंगालपणातून वैभवाकडे या गोष्टीत तो नोकर कोणी घेत नाही.

म्हणजे ही माणसं पैसा हरवून आली, पण वर्ग बरोबर घेऊन आली. १८९६ ते १९०१ मध्ये ब्रिटिशांनी केनिया-युगांडाची रेल्वे बांधली, त्यासाठी ३० हजारांवर मजूर हिंदुस्थानातून नेले, बहुतेक पंजाबातले आणि त्यातले बरेचसे परत गेले. मागे राहिला तो रुळाच्या कडेकडेने दुकानं थाटत गेलेला काठियावाडी-कच्छी व्यापारी. वर गोरा, खाली आफ्रिकन, मध्ये हा. दोन-तीन पिढ्या धंदा, बँक, लायसन्स, सरकारी कारकून, इंग्रजी पत्रव्यवहार हे सगळं अंगात मुरलं. (कारकुनात आपले गोवेकरही भरपूर होते, नैरोबीपासून कंपालापर्यंत.) शिवाय केनियातले लोक १९६७-६८ पासूनच वारं ओळखून निघाले होते, त्यांना पैसा हलवायला वेळ मिळाला, आणि लंडनच्या बँकेत आधीच खातं असलेले युगांडावालेही होते. १९६८ मध्ये ब्रिटनने कायदा तीन दिवसांत पास करून यातल्या ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचीच वाट अडवली, हे वेगळं.

अजून एक फरक मला फार मोठा वाटतो. युगांडाचं कुटुंब सगळंच्या सगळं आलं. आजी, आजोबा, दीर, जाऊ, पोरं. मागे पैसे पाठवायला घरच उरलं नव्हतं. परत जायची बातच नाही. कमावलेला प्रत्येक पौंड लेस्टरमध्येच लागणार होता. आणि घरात आजी असल्यामुळे सून कामावर जाऊ शकत होती.

सून कामावर गेली, हीच खरी गोम आहे बघा. लेस्टर हे मोज्यांचं, स्वेटरचं, बुटांचं गाव, होजिअरीच्या कारखान्यांत बायकाच लागायच्या. मासी छावणीतून आल्यावर दोन महिन्यांत ओव्हरलॉकच्या मशीनवर बसल्या, पीसरेटवर, म्हणजे डझनावर पैसे. ज्यांनी पाण्याचा ग्लास उचलला नव्हता त्या. संध्याकाळी कापलेल्या तुकड्यांचं गाठोडं घरी, तिथे दुसरं मशीन. हायफील्ड्समधल्या एका घरात तीन कुटुंबं, तीन नवरे, तीन बायका, सहा पगार, एक स्वयंपाकघर. पाच वर्षांत पहिलं घर, मग दुसरं, मग कोपऱ्यावरचं दुकान, सकाळी सहाला पेपरचे गठ्ठे फोडायचे ते रात्री नऊला शटर, रविवार नाही, नाताळ नाही. ब्रॅडफर्डच्या मिलमध्ये रात्रपाळीला बाईला जागा नव्हती, घरी सांभाळायला सासू नव्हती कारण ती मीरपूरला होती, आणि हो, पडदा होता, बिरादरीत लोक काय म्हणतील हेही होतं, ते मी नाकारत नाही. पण एका पगारात आठ माणसं आणि वर मीरपूरची मनिऑर्डर, विरुद्ध सहा पगार आणि मागे कोणी नाही. इतकं सोपं गणित आहे हे, आणि जेवणाच्या टेबलावर ते कधीच मांडलं जात नाही, तिथे थेट संस्कृतीवर उडी.

मासींच्या पिढीच्या बायका काही मुकाट्याने राबल्या असंही नाही. लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्समध्ये १९७४ साली एशियन कामगारांनी संप केला, बोनसमध्ये आपल्याला फसवतात म्हणून, युनियनने साथ दिली नाही, पुढच्या वर्षी कंपनीच बंद झाली. लंडनच्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात १९७६ ते ७८ संप चालला, त्यात जयाबेन देसाई साडी नेसून दारासमोरच्या पिकेट लाइनवर उभ्या होत्या. हे 'आपल्या' यशोगाथेत येत नाही, कारण यशोगाथेतला एशियन तक्रार करत नाही, तो फक्त दुकान उघडतो.

मग धर्माचं काय, हा पुढचा प्रश्न असतो, आवाज थोडा खाली करून विचारलेला. तर युगांडातून आलेल्यांत इस्माइली, खोजा, बोहरा असे मुसलमानही हजारोंनी होते आणि त्यांचंही तेवढंच बरं चाललंय, काहींचं हिंदू गुजरात्यांपेक्षा बरं. आणि दुसऱ्या बाजूने बघायचं तर लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समधले सिल्हेटी बांगलादेशी घ्या. खेडेगावातले, मुसलमान, गरीब, बायका घरी, म्हणजे कागदावर मीरपुऱ्यांचेच भाऊ. १९९७ च्या सुमारास त्या भागातल्या शाळा देशात सगळ्यात शेवटच्या नंबरवर होत्या. आज तिथले निकाल देशाच्या सरासरीच्या वर आहेत. धर्म तोच, आई-बाप तेच, मग बदललं काय? शाळांवर पैसा आणि लक्ष दोन्ही ओतलं गेलं, आणि चालत जाण्याच्या अंतरावर लंडन सिटीच्या बँका होत्या. ब्रॅडफर्डच्या पोराने डिग्री घेतली तरी तीस पावलांवर बंद गिरणी. तरीसुद्धा आज पाकिस्तानी घरातला मुलगा-मुलगी युनिव्हर्सिटीत जायची शक्यता गोऱ्या ब्रिटिश पोरांपेक्षा जास्त आहे, हे मी सांगितलं की टेबलावर कोणाचा विश्वास बसत नाही.

मीरपुऱ्यांचं सगळंच परिस्थितीवर ढकलून मोकळं व्हावं असंही मला वाटत नाही. लग्नाचा विषय आहेच. 'बॉर्न इन ब्रॅडफर्ड' म्हणून एक मोठा अभ्यास २००७ पासून चालू आहे, १३ हजारांहून जास्त मुलं जन्मापासून बघतायत. त्यात पहिल्यांदा दिसलं की पाकिस्तानी आयांपैकी सुमारे ६० टक्के जणींचं लग्न नात्यात झालेलं, आणि सख्ख्या चुलत-मावस नात्यात जन्मजात व्यंगाचा धोका शंभरात तीनऐवजी सहा. दुप्पट. पण दुप्पट म्हणजेही शंभरातली चौऱ्याण्णव बाळं ठणठणीत, हे वाक्य बातम्यांत गळतं. याविषयी नाक मुरडणाऱ्या मराठी मंडळींना मी एवढंच विचारते की मामाची मुलगी करणं आपल्याकडे कुठल्या शतकात बंद झालं, जरा आपापल्या सोलापूर-साताऱ्याच्या नातेवाइकांत बघा. आणि ब्रॅडफर्डमध्ये ते घटतंय, दहा-बारा वर्षांनी त्याच भागात पुन्हा पाहणी केली तर ४६ टक्के. चाचांच्या तिन्ही मुलींनी "अब्बू, हम नहीं करेंगे" असं सांगितलं आणि तिघींची लग्नं इथल्याच मुलांशी झाली, एकीचा नवरा तर लंडनचा, पंजाबी, यावरून बिरादरीत दोन वर्षं बोलणं बंद होतं.

नात्यातल्या लग्नाचा पैशाशी संबंध आहे तो असा, की नवरा किंवा बायको दर वेळी मीरपूरहून आणायची म्हटल्यावर घरात कायम कोणीतरी एक पहिल्या पिढीचं असतं. बापाला इंग्रजी येतं तर आईला नाही, पुढच्या पिढीत आईला येतं तर बापाला नाही. लेस्टरमध्ये दुसऱ्या पिढीने दुकानाकडे पाठ फिरवली आणि फार्मसी, ऑप्टिशियन, अकाउंटन्सीत घुसली, कारण दोन्ही आई-बाप शाळेच्या पेरेंट्स इव्हनिंगला जाऊन भांडू शकत होते.

पण लेस्टरचं सगळं छान म्हणायच्या आधी तेही गाव नीट बघा. डोई खर्चायला किती पैसे उरतात याची सरकारी यादी निघते, त्यात गेल्या काही वर्षांत नॉटिंगहॅम आणि लेस्टर ही देशात अगदी तळाला असतात. हो, तेच यशस्वी लेस्टर. कारण यशस्वी झालेले शेजारच्या ओडबी उपनगरात गेले, जे शहराच्या हद्दीबाहेर मोजलं जातं, आणि आत त्याच जुन्या कारखान्यांच्या इमारतींत नवी माणसं आली. त्यात दीवची बरीच. दीव-दमण-गोवा पोर्तुगीजांकडे होतं १९६१ पर्यंत, तेव्हाच्या लोकांना आणि त्यांच्या पोरांना पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो, त्यावर ब्रेक्झिटच्या आधी ब्रिटनमध्ये मोकळं येता यायचं, आपले गोंयकार तसेच स्विंडनला आणि साउथॉलला आले. २०२० च्या लॉकडाउनमध्ये बातमी फुटली की लेस्टरच्या कपड्यांच्या कारखान्यांत तासाला साडेतीन पौंडांवर लोक राबतायत, तेव्हा किमान वेतन ८.७२ होतं. कारखान्यांच्या मालकांत आणि मजुरांत दोन्हीकडे गुजराती बोलणारी माणसं होती. हेही 'इंडियन'च्याच डब्यात जातात, पण सरासरी वर ओढणारे डॉक्टर आणि आयटीवाले एवढे आहेत की ती खाली दिसत नाहीत. आणि २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भारत-पाकिस्तान मॅचनंतर लेस्टरच्या रस्त्यावर जे झालं, हिंदू-मुसलमान पोरांचे तोंडं झाकलेले जमाव एकमेकांच्या गल्लीत, ते बघून माझ्या ब्रॅडफर्डच्या सहकाऱ्यांनी मला जरा खोचकपणे विचारलं, तुमचं तर मॉडेल शहर होतं ना? ब्रॅडफर्डला २००१ ची दंगल अजून चिकटलेली आहे, त्यामुळे त्यांना तेवढा हक्क होता.

सुखाचं मोजमाप तर आणखी अवघड. मासी आता ओडबीला, चार बेडरूमचं घर, मागे मोठी बाग, दोन्ही मुलं फार्मासिस्ट, एक लंडनला एक टोरांटोला. नवरा गेला. सकाळी डे-सेंटरची गाडी येते ती आठवड्यातून दोनदा, बाकी टीव्हीवर गुजराती कथा. मला फोन केला की पहिला प्रश्न, कब आ रही हो. चाचांच्या घरी मी एकदा ईदला गेले होते, दोन खोल्या खाली दोन वर असं चिकटून ओळीतलं जुनं घर, भिंतीला ओल, इनहेलर दोन नातवंडांच्या खिशात, आणि त्या एका गल्लीत त्यांचे दोन भाऊ, एक मुलगी, सासुरवाडी, सगळे चालत पाच मिनिटांत. दार बंद म्हणून कधी नसतंच. गरिबी छान असते असलं काही मी म्हणणार नाही, ती ओल आणि तो दमा मी बघितलाय, आणि चाचांच्या बायकोला त्या दाराचा कंटाळा येतो हेही तिनेच मला सांगितलंय. पण वेलबीइंगच्या तक्त्यात एकटेपणाचा रकाना भरायचा तर कोणाला किती मार्क द्यायचे, ते मला खरंच ठरवता येत नाही.

एका बाबतीत मात्र दोन्ही समाज बरोबरीने एका खुर्चीपर्यंत पोचले, ती गृहमंत्र्यांची. २०१८ ला साजिद जाविद, पाकिस्तानी बस ड्रायव्हरचा मुलगा. २०१९ ला प्रीती पटेल, आई-बाप युगांडाचे गुजराती. २०२२ ला सुएला ब्रेव्हरमन, वडील केनियातून आलेले मूळचे गोव्याचे. २०२५ ला शबाना महमूद, घर मीरपूरकडचं, वाढल्या बर्मिंगहॅमला. इमिग्रेशनचे नियम सैल करण्यासाठी यातलं कोणीच ओळखलं जात नाही, पटेलबाईंनी तर मान्यही केलं होतं की आपण आणलेल्या नियमांखाली आपले आई-वडील कदाचित इथे येऊ शकले नसते. त्यात २०२५ मध्ये कायमचं राहायला पाच वर्षांऐवजी दहा वर्षं थांबायचा प्रस्ताव आला. "आपल्याला महत्त्व आहे, आपण स्किल्ड" म्हणणाऱ्या आमच्या टेबलावरची निम्मी मंडळी चौथ्या वर्षात आहेत, म्हणून सध्या जेवणानंतर पाकिस्तान्यांचा विषय जरा मागे पडलाय आणि कोणाचा वकील किती फी घेतो यावर बोलणं चालतं. बेलग्रेव्ह रोडला एक आहे, बरा आहे म्हणतात. ब्रॅडफर्डला त्याहून स्वस्त मिळतो, चाचांच्या मधल्या मुलीचं तेच ऑफिस आहे, नंबर मी ग्रुपवर टाकलाय.